खाणीतलं मैदान

रविवार, रात्री

रविवारी इथे दुकानं बंद, घरात बसून जीव आंबला. शेवटी ड्युसेलडॉर्फहून गाडी पकडली आणि म्योन्शेनग्लाडबाखला जाऊन आलो, बोकेलबर्ग हे जुनं फुटबॉल मैदान बघायला. स्टेडियम पाडून बरीच वर्षं झाली, बघण्यासारखं फारसं उरलेलं नाही, हे ठाऊक होतं. तरी गेलो.

मुळात ती रेतीगोट्यांची खाण. 1919 मध्ये त्या खड्ड्यातच बोरुसिया या इथल्या फुटबॉल क्लबने मैदान केलं. जुनी माणसं त्याला नुसतं 'कुल' म्हणायची, कुल म्हणजे खड्डाच. जेमतेम 34 हजार माणसं मावायची आणि आजूबाजूला लोकांची घरं. हेनेस वाइसवाइलर प्रशिक्षक, नेत्झर, फोग्त्स, हाइन्केस खेळाडू. 1970 ते 1977 मध्ये पाच वेळा बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, जिंकली. एवढ्याशा गावाने!

मला मात्र त्या मोडक्या खांबाचं भारी कौतुक. 3 एप्रिल 1971, समोर वेर्डर ब्रेमेन, 1-1, दोनच मिनिटं उरलेली. बोरुसियाचा लाउमेन धावत येऊन जाळ्यात पडला आणि गोलचा लाकडी खांब बुंध्याशी कडकन मोडला. म्हणतात की यजमानांनी दुरुस्तीची फारशी घाई केलीच नाही. सामना पुन्हा होईल, आपण जिंकू, असा हिशेब. निकाल लागला तो ब्रेमेनच्या बाजूने, 2-0. तेलही गेलं, तूपही गेलं! विजेतेपद तेवढं शेवटच्या दिवशी फ्रांकफुर्टला हरवून राखलं. पुढे लाकडी खांब गेले, अल्युमिनियमचे आले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपियन चषकात इटलीच्या इंटर मिलानला 7-1 ने धुतलं. पण अर्ध्या तासाच्या आतच प्रेक्षकांतून आलेला पेयाचा डबा इंटरच्या बोनिनसेन्याला लागला आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. खरंच किती लागलं होतं, यावर अजून वाद घालतात. सामना रद्द झाला. मिलानमधला परतीचा सामना 4-2 ने हरले, रद्द झालेला बर्लिनला पुन्हा खेळवला तर 0-0. सात गोल फुकट! माझं मत विचाराल तर डबा फेकणाऱ्याला त्या सात गोलांच्या सात शिव्या.

22 मे 2004 ला इथे शेवटचा लीग सामना झाला, म्युनिच 1860 ला 3-1 ने हरवलं. मग क्लब 54 हजारांच्या नव्या स्टेडियममध्ये गेला आणि इथे वसाहत उभी राहिली.

आता खड्ड्यात नेटकी घरं, बाल्कन्यांत कुंड्या. बाजूला मात्र प्रेक्षकांच्या जागेचा उतार आहे, पायरी-पायरीचा, गवत वाढलेला. गवत ओलं होतं. जरा वर चढून थोडा वेळ उभा राहिलो आणि खांब नक्की कुठे मोडला असेल याचा अंदाज बांधत बसलो. कुणाच्या स्वयंपाकघरात, की पार्किंगमध्ये?

तेवढ्यात एका पोराचा चेंडू पायऱ्यांवरून टप्पे खात खाली माझ्याकडे आला. मी ऐटीत लाथ मारली. तो थेट कुंपणापलीकडे. पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. 'माफ कर हं,' म्हणालो आणि कुणाच्या तरी घराची बेल वाजवायला गेलो.