वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, मुलांसकट: आधी पत्ता पाठ करा

टॅक्सीत बसून नुसतं ‘नेहरू’ म्हणालात तर अर्धा दिवस गेला म्हणून समजा. वरळीत नेहरू दोन आहेत. एक नेहरू सेंटर, म्हणजे १९७७ साली सुरू झालेलं तारांगण आणि शेजारचा गोल मनोरा. ते डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर. दुसरं नेहरू विज्ञान केंद्र, डॉ. ई. मोझेस रोडवर. मुलांना बटणं दाबायला, दोऱ्या ओढायला आणायचं ते हे दुसरं. नकाशावर दोन्ही पाठीला पाठ लावून बसल्यासारखी दिसतात, पण गाडीने एकीकडून दुसरीकडे जायचं तर चांगलाच वळसा पडतो. त्यात तारांगण सोमवारी बंद. म्हणजे सोमवारी चुकून तिकडे उतरलात तर समोर बंद फाटक आणि हाताशी दोन कुरकुरणारी मुलं. टॅक्सीवाल्याला ‘सायन्स सेंटर, ई. मोझेस रोड’ एवढंच सांगा. ‘प्लॅनेटोरियमच्या जवळ’ असं तर चुकूनही सांगू नका, तो थेट तारांगणाच्या दारात नेऊन सोडेल आणि त्यात त्याची चूकही नसेल.

ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते आणि तिच्यावर ‘विज्ञान केंद्र’ नावाचं स्टेशनच आहे. हा पर्याय हाताशी असताना दुसरा शोधू नये. फक्त त्याआधी किंवा नंतर (तुम्ही कुठून येता त्यावर) ‘महालक्ष्मी’ लागतं, तिथे सवयीने उतरू नका. तिकीट जमिनीखाली जाण्याआधी, मोबाईलला रेंज असतानाच काढून ठेवा.

लोकलनेच यायचं असेल तर पश्चिम रेल्वेचं महालक्ष्मी. तिथे फक्त स्लो गाड्या थांबतात. विरार-बोरिवलीकडून फास्टने येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. बाहेर पडताना धोबीघाटाकडे नव्हे, रेसकोर्सच्या बाजूला उतरा. आता खरा वैताग. स्टेशनपासून केंद्राचं फाटक दीड किलोमीटरच्या आत आहे. मोठ्यांना हे काहीच नाही. पाच वर्षांच्या पोराला मात्र अकराच्या उन्हात, हॉर्नच्या गलक्यात, मध्येच तुटणाऱ्या फूटपाथवरून हे अंतर चालवलंत तर आत शिरण्याआधीच ते ‘उचलून घे’वर येतं. म्हणून टॅक्सी. आणि टॅक्सीवाला एवढ्या जवळ यायला तयार नसतो, आला तर मीटर न टाकता शंभर मागतो. रिक्षा इकडे चालतच नाहीत, हे ठाणे-पुण्याकडच्यांनी लक्षात ठेवावं. काळ्यापिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, पहिल्या दीड किलोमीटरला. म्हणजे सिग्नलला खोळंबलात तरी मीटर फार पुढे सरकत नाही. स्टेशनच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांशी हुज्जत घालू नका. थोडं पुढे जाऊन वरळी नाक्याच्या दिशेने चाललेली रिकामी टॅक्सी थांबवा, बसा आणि मग ठिकाण सांगा. शंभर देऊ नका.

केंद्र सकाळी दहाला उघडतं. दहालाच पोहोचा, आणि आधी बाहेरच्या बागेत जा. बहुतेक जण उलट करतात: आधी आतली दालनं, मग जेवण, मग दीड वाजता बाग. तोवर लोखंडी बैठका तापलेल्या असतात, मुलं हात लावत नाहीत आणि ‘बागेत काही खास नाही’ असा शेरा मारून लोक निघतात. खरं तर बाग हाच इथला जुना आणि अस्सल भाग. ती १९७९ ची, आंतरराष्ट्रीय बालवर्षातली. मुख्य इमारत त्यानंतर, नोव्हेंबर १९८५ मध्ये सुरू झाली.

बागेतल्या उपकरणांना मोठा माणूस शेजारी लागतो, बाकावर बसून मोबाईल बघणारा नाही. समोरासमोरच्या दोन मोठ्या तबकड्या घ्या. एकीपाशी कुजबुजलं की दूरच्या दुसरीपाशी ऐकू येतं. दहातल्या आठ मुलांना काही ऐकू येत नाही, कारण ती तबकडीकडे पाठ करून समोरच्या भावाकडे बघत ओरडतात. तोंड तबकडीकडे हवं, आणि तबकडीपुढच्या त्या एका ठरावीक जागी, जिथे तिच्यावर आपटलेला आवाज गोळा होतो. ऐकणाऱ्याचा कानही तसाच. डोकं वीतभर सरकलं तरी आवाज गेला. लहान मुलांचं डोकं तिथवर पोहोचत नाही, त्यांना कडेवर घ्या. आणि ओरडू देऊ नका. ओरडलेलं हवेतून थेटही ऐकू जातं, मग तबकडीची गंमतच राहत नाही.

दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायच्या खुर्चीचंही तसंच. जास्त कप्प्यांची (म्हणजे दोरीच्या चाकांची) खुर्ची हलकी जाते, पण दोरी कितीतरी जास्त ओढावी लागते, आणि मुलं मध्येच कंटाळून हात सोडतात. दोरी सर्रकन तळव्यातून गेली की साल निघते. एकेक हात बदलत खाली यायला आधी शिकवा, मग बसवा. पायात बूट हवेत, सँडल नकोत. फ्रॉक तर नकोच. बागेत मरुत हे लढाऊ विमानही उभं आहे, तिथे फोटोला पाच मिनिटं पुरतात.

ऊन चढलं की आत. प्रवेशाचं तिकीट वेगळं, थ्रीडी फिल्म आणि इतर शोंची तिकिटं वेगळी. खिडकीवर घाईत सगळी घेऊ नका, शोच्या वेळा विचारा आणि एकच निवडा. सहाच्या खालचं पोर अंधारात घाबरलं की तिकीट वाया.

आत पाचशेहून अधिक उपकरणं आहेत आणि हेच संकट आहे. मुलं बटण दाबतात, उत्तर येण्याआधी पुढच्या बटणाकडे पळतात. वीस उपकरणं ठरवा, बाकी सोडा. रंगीत सावल्यांपुढे मात्र थांबाच. लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे पांढऱ्या भिंतीवर पडतात, मधे हात धरला की सावली काळी न पडता पिवळी, आकाशी, गुलाबी अशा छटांत फुटते. लाल दिवा अडला तिथे हिरवा आणि निळा उरतो, म्हणून आकाशी. हात भिंतीच्या अगदी जवळ नेला की तिन्ही सावल्या एकावर एक येतात आणि मधोमध काळं दिसतं. हे मुलाने स्वतः हात मागेपुढे करून शोधायला हवं, तुम्ही सांगून उपयोग नाही. सात-आठ जण एकदम घुसले की काही दिसत नाही, तेव्हा गट पुढे सरकेपर्यंत दुसरीकडे वळा.

गर्दीचं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी शाळांच्या सहली. साधारण साडेदहा ते एक एकेका उपकरणापुढे वर्गच्या वर्ग. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यानंतरचा कामाचा दिवस सगळ्यात मोकळा, पण मग बाग पावसात जाते. डबा आणि पाणी घरून आणा. दालनात खाता येत नाही, त्यामुळे साडेअकराला बाहेरच पोटभर खायला घाला.

चार वर्षांखालच्यांना आणू नका. सहा ते बारा हे वय उत्तम. नागपूरकरांनी केवळ यासाठी रेल्वेचं रिझर्व्हेशन करू नये, गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र हे वरळीचं केंद्र चालवणाऱ्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचंच आहे. गोव्यातल्यांना मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र आहे. याच घाटाची उपकरणं तिथेही आहेत, बाग लहान.

निघताना सहाची वाट बघू नका, पावणेपाचला बाहेर पडा. ऑफिसं सुटली की ई. मोझेस रोड तुंबतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतींचा मोसम, त्यात शर्यतीच्या रविवारी हाजी अलीपर्यंत गाड्या हलत नाहीत. अशा दिवशी टॅक्सीचा विचारही करू नका, सरळ मेट्रोचा जिना उतरा.