सरासरीत न दिसणाऱ्या

मी राहते त्या जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये बाळ जन्मलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका जाड कागदावर घेतात. ऑक्टोबर 2021पासून जर्मनीभर या तपासणीत सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजारही आला. मूळच्या जर्मन कुटुंबांत हा आजार जवळजवळ नसतोच. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतली मोजकी बाळं वेळेत सापडावीत म्हणून देशातल्या सगळ्या बाळांचं रक्त तपासलं जातं. शेजारच्या बाईने आपल्या लेकीच्या तपासणीबद्दल सहज सांगितलं आणि मला विदर्भ आठवला. आपल्याकडे आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या कितीतरी घरांत हा आजार आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद 1950च्या दशकातच करून ठेवली होती. राष्ट्रीय मोहीम सुरू व्हायला मात्र जुलै 2023 उजाडला.

माझी आई भिवापूर तालुक्यातल्या उपकेंद्रात नर्सबाई होती. सिकलसेलची पहिली तपासणी मी तिच्याच टेबलावर पाहिली. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब औषधाच्या नळीत टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर काळजी नाही. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. पण तपासलेली बाई नुसती वाहक, म्हणजे सिकलचं जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच आलेली, आपल्याकडे म्हणतात तशी एएस पॅटर्न, की ते दोघांकडूनही आलेली आजारी एसएस, हे ती नळी सांगत नाही. त्यासाठी रक्त पुढच्या तपासणीला पाठवावं लागतं आणि रिपोर्ट येईस्तोवर गरोदर बाईचे दिवस पुढे सरकत राहतात.

शेजारणीकडे बाळंतपणानंतर पहिले दहा दिवस सुईण रोज घरी येऊ शकत होती. पुढेही बारा आठवड्यांपर्यंत ती येते आणि पैसे विमा भरतो. मला याचं फार अप्रूप वाटलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "काहून वं, आपल्या आशाताई नाही जात का घरोघरी? तिले सांग ना ते!" सांगितलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जाते, बाळाचं वजन करते, ताप बघते. 2011मध्ये देशभर लागू झालेल्या या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले आणि ते निष्कर्ष 1999मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शेजारणीने मला पुन्हा पुन्हा विचारलं, ही पद्धत खेड्यात जन्मली? हो, खेड्यातच, आणि आमच्या विदर्भातल्या.

आता माझ्या कामाबद्दल. मी भौतिकशास्त्रातली. जनुकाची नक्कल होऊन आरएनए बनतो, त्या ट्रान्सक्रिप्शनचं गणित करते. जनुक नळाच्या धारेसारखं एकसारखं चालत नाही. ते बराच वेळ गप्प असतं, मग अचानक सुरू होऊन आरएनएच्या प्रतींचा एक झोत सोडतं आणि पुन्हा बंद पडतं. खास रंग दिलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या की आरएनएची एकेक प्रत वेगळा ठिपका म्हणून दिसते. एकाच बशीतल्या, एकाच जातीच्या शेजारच्या दोन पेशी असतात. एकीत ठिपक्यांची गर्दी, दुसरीत चार-दोन. हा फरक मोजायला सांख्यिकीय भौतिकशास्त्र लागतं. त्यातही समतोलाची सोपी समीकरणं पुरत नाहीत, कारण जिवंत पेशी सतत एटीपी हे आपलं इंधन जाळते आणि तिच्यातली चक्रं एकाच दिशेने फिरत राहतात. ही ऊर्जा खर्च केल्यामुळेच जनुक कधी चालू आणि कधी बंद, हा निर्णय समतोलात शक्य नसतो इतका नेमका होऊ शकतो.

याचा सिकलसेलशी थेट संबंध आहे. गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एफ म्हणतात. जन्मानंतर त्याची जनुकं बंद होत जातात, म्हणूनच सिकलसेलचा त्रास बाळ काही महिन्यांचं झाल्यावर दिसू लागतो. ही जनुकं दाबून ठेवणारं मुख्य प्रथिन, बीसीएल11ए, 2008मध्ये ओळखलं गेलं. एफ जास्त असेल तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. भारतातल्या रुग्णांत एफ बऱ्याचदा जास्त असतं, त्यामुळे आपल्याकडचा आजार सौम्य, असं पुष्कळ वर्षं मानलं गेलं. नागपुरातल्या मुलांच्या अभ्यासात मात्र एफ जास्त असूनही आजार बराच तीव्र निघाला.

इथे मला माझं काम सापडलं. रिपोर्टवरचं ‘एफ 20 टक्के’ ही सरासरी आहे. प्रत्येक पेशीत वीस टक्के असेल तर बहुतेक पेशी बचावतात. अर्ध्या पेशींत चाळीस आणि अर्ध्यांत शून्य असेल, तरी रिपोर्ट तोच येतो. पण त्या अर्ध्या पेशी वाकतात, रक्तवाहिन्या अडवतात आणि ती बाई दुखण्याने कळवळते. जनुकाचे झोत वारंवार आणि लहान, की क्वचित आणि मोठे, यावर ही वाटणी कितपत अवलंबून आहे, हा माझा प्रश्न. एकाच कारणाने सगळं ठरतं असं मी म्हणत नाही. पण नुसती सरासरी बघून बाईला ‘तुमचा आजार सौम्य आहे’ सांगू नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

सरासरीचा हाच धोका माता-आरोग्यात आहे. 2018–20मध्ये महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू होते, देशात 97. आकडा अभिमानाचाच आहे. पण त्या 33मध्ये पुण्यातली बाई आहे आणि पर्लकोटा नदीला पूर आला की जगापासून तुटणारी भामरागडची बाईही आहे. दुर्गम भागात आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे, तिथे तारखेच्या काही दिवस आधीच येऊन राहता येतं. ही सोय अशा सरासरीत न दिसणाऱ्या बायांसाठी आहे, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

उपचारांचं दुःख वेगळंच. एफ वाढवणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी गरोदरपणात सहसा बंद करतात, म्हणजे धोका सर्वात जास्त असतो नेमकी तेव्हाच. बीसीएल11एचा रक्तपेशींतला स्विच कापणाऱ्या जनुकीय उपचाराला 2023च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. शिवाय त्याआधीच्या केमोथेरपीने मूल होण्याची क्षमताच जाऊ शकते. उमरेड-कुहीच्या विशीतल्या सुनेला यातलं काय उपयोगाचं?

डिसेंबरात नागपूरला येतेय. आईच्या जुन्या उपकेंद्रात आशाताईंच्या बैठकीत बोलायचं ठरलंय आणि त्यांचा पहिला प्रश्न आईने आधीच कळवलाय: "गोळी बंद असते, त्या नऊ महिन्यांत काय कराचं?" आजचं उत्तर हे: मूल हवं असं वाटलं की गोळीबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलायचं. दिवस राहिले की लगेच नोंदणी करायची. नवऱ्याचंही रक्त तपासायचं, कारण ती एसएस आणि तो एएस असेल तर दर खेपेला बाळ एसएस असण्याची शक्यता निम्मी. फोलिक अॅसिड चुकवायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, आणि बाळंतपण जिथे लागलं तर लगेच रक्त चढवता येईल अशा दवाखान्यातच करायचं.