अण्णांची अर्धी लावणी आणि माझे तीन महिने

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आता ८१ वर्षांचे. ऐकायला कमी येतं, चष्मा रोज हरवतो, पण एक लावणी मात्र डोक्यात पक्की बसलीय. अर्धीच. रामजोशींची. आपल्या सोलापूरचेच ते, १८१२ ला गेले. त्यांचं नाव काढलं की लोकांना शृंगारच आठवतो पण ही तसली नाही, जटा वाढवून, राख फासून साधुपणाचं सोंग करणाऱ्यांना चांगलं खडसावणारी आहे. माझे आजोबा जुन्या मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, पाळी सुटली की भजनाला बसायचे आणि तिथं ही म्हणायचे म्हणे. पुस्तक होतं घरात, एका पावसाळ्यात चाळीचा पत्रा गळून त्याचा लगदा झाला. तेव्हापासून अण्णा दोन कडवी म्हणतात आणि तिसऱ्याला अडकतात. दिवाळीत मला म्हणाले, "तुमच्या मोबाईलमध्ये सगळं असतंय ना, मग हे बघ की गं सापडतंय का."

मला वाटलं पाच मिनिटांचं काम.

गूगलवर मराठीत टाकलं तर शंभर ठिकाणी तीच दोन कडवी, सगळ्यांनी एकमेकांचं उचललेलं, चुकासुद्धा त्याच. मग शहरातल्या एका जुन्या वाचनालयात गेले, नाव नको सांगायला. पहिल्यांदा कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब लग्नाला. दुसऱ्यांदा किल्ली मिळाली, पुस्तकही निघालं, मुखपृष्ठ गेलेलं, पानं आपल्या कडक भाकरीसारखी, हात लावला की तुकडा. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "नाही देता येणार, बाइंडिंगला जायचंय, पानं उलटायला लागलात तर काहीच राहणार नाही याचं." राग आला होता पण खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. मी पण माझी पैठणी कुणाला देत नाही.

मग पुतण्याने आर्काइव्ह डॉट ऑर्ग दाखवलं, जुनी पुस्तकं आणि रेकॉर्डिंग फुकट ठेवणारी साइट. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया म्हणून एक मोठा सरकारी प्रकल्प होता, बंगळुरूच्या आयआयएससीने (भारतीय विज्ञान संस्था) पुढाकार घेतलेला, त्यात देशभरातल्या ग्रंथालयांतली जुनी पुस्तकं स्कॅन केली होती. त्यांची मूळ साइट पुढं बंद पडली, पण बरीचशी पुस्तकं लोकांनी आर्काइव्हवर आणून ठेवली, फुकट, लॉगिन न करता. भारी ना? पण सापडतील तर शपथ! मी "लावण्या" टाकते, काही नाही. इंग्रजीत सरळ स्पेलिंग टाकते, तरी नाही. आठवडा गेला. मग कळलं की या पुस्तकांची नावं कॉम्प्युटरच्या एका विचित्र पद्धतीने इंग्रजी अक्षरांत लिहिलीयत. "आ" ला दोन ए, "ण" साठी एन, डी आणि पुढं चक्क एक डॅश, "कृ" लिहायला के-आर-एक्स. म्हणजे लावण्या शोधायला मधे डॅश टाकायचा! हे कुणाला सुचणार? त्यात वर्ष चुकलेलं, लेखकाच्या जागी भलताच माणूस. सोलापूरबद्दल काही शोधायचं असेल तर आणखी एक, इंग्रजांच्या काळातलं "शोलापूर" असं स्पेलिंग टाकून बघा. त्या स्पेलिंगवर मला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा आपल्या जिल्ह्याचा खंड मिळाला, १८८४ चा, आणि मी लावणी सोडून रात्री दोनपर्यंत तेच वाचत बसले. किल्ला, तळं, बाजार, विणकर, कोण काय खातं, काय नेसतं, सगळं. नवरा म्हणाला, झोप आता, ते गाव कुठं पळून जात नाहीये.

शेवटी डॅश टाकून टाकून पुस्तक सापडलं. डाउनलोड करून उघडलं तर कुठल्यातरी ग्रंथालयाचा गोल शिक्का, आणि स्कॅन असं काळं-पांढरं की निम्मे अनुस्वार उडालेले. एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय, नखासकट. मला त्या अंगठ्याचं वाईटच वाटलं, दिवसभर पानं उलटून उलटून कंटाळला असेल बिचारा. आणि आमची लावणी? ६३ व्या पानावर सुरू. पुढचं पान परत ६२. मग परत ६३. मग एकदम ६६. दोन पानं दोनदा स्कॅन केली आणि मधली दोन राहून गेली, आणि नेमकी अण्णांच्या अडकण्याच्या जागीच! डोक्याला हात लावला मी.

पण याचा एक फायदा झाला. परत त्या वाचनालयात गेले, स्कॅनची प्रिंट सोबत. मॅडमना म्हटलं, मला अख्खं पुस्तक नकोच, फक्त ६४ आणि ६५, एकदाच उघडायचं. त्या प्रिंटकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, हे आमचंच पुस्तक कॉम्प्युटरवर आहे होय? अर्ज लिहून घेतला, टेबलावर पांढरं कापड पसरलं, पट्टी सरकवून त्यांनी स्वतः ते पान उघडलं. पान क्रमांक जुळेपर्यंत जीव खालीवर, आवृत्ती वेगळी निघाली असती तर सगळं मुसळ केरात. जुळले. फ्लॅश बंद करून चार फोटो काढले, बाहेर ऊन आणि आत पंखा बंद ठेवलेला, पान उडू नये म्हणून.

पुढचं काम विकिस्रोतवर, म्हणजे लोकांनी मिळून जुनी पुस्तकं टाइप करून फुकट ठेवलेल्या साइटवर. तिथं स्कॅन शेजारी ठेवून मजकूर टाइप करतात, पान आधी लाल असतं, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने परत तपासलं की हिरवं. मशीन आपोआप वाचून देतं खरं, पण "रव" दिसलं की त्याला "ख" वाटतो, आणि जुन्या "कां", "नाहीं", "तें" वरची टिंबं ते सरळ गिळतं. कॉपीराइटचं पण विचारून घेतलं. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, रामजोशींचा प्रश्नच नाही, पण ज्यांनी संग्रह काढून प्रस्तावना आणि टिपा लिहिल्या त्यांचं वेगळं धरावं लागतं. म्हणून मी फक्त लावणी घेतली, टिपांना हात लावला नाही.

मोठ्या अक्षरात प्रिंट काढून अण्णांना दिली. म्हटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. कसलं काय! तिसऱ्या कडव्याला थांबले आणि म्हणाले, "हे चुकलंय."

"अण्णा, छापलेलं आहे हो पुस्तकात."

"असू दे छापलेलं. आमचे वडील असं म्हणत नव्हते."

आणि काय आश्चर्य, इतकी वर्षं जे कडवं आठवत नव्हतं ते चुकीचं वाचल्यावर घडाघडा आलं. दोन शब्द वेगळे, एक अख्खी ओळ वेगळी, आणि चालीत अण्णांचीच नीट बसते असं मला वाटतं (पण मी मुलगी, मी तर म्हणणारच). पेन्सिल मागवून प्रिंटवर खाडाखोड करायला लावली मला. विकिस्रोतवर विचारलं तर ते म्हणाले, पुस्तकात छापलंय तसंच टाइप करायचं. बरोबरच आहे त्यांचं, नाहीतर प्रत्येक घरातले अण्णा येतील.

म्हणून मी अण्णांनाच रेकॉर्ड केलं. चार मिनिटं, मागं पंखा आणि गल्लीतला भाजीवाला. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर दोन अंगठे आणि एक गुड नाईटचं गुलाब. मग आर्काइव्हवरच खातं काढलं, तिथं कुणालाही अपलोड करता येतं. फाइलचं नाव बघितलं तर "व्हॉइस ०१७". तीन महिने मी कुणाच्या नावाने बोटं मोडत होते! पुसलं ते. रामजोशी, लावणी, तोंडी पाठ, सोलापूर असं मराठीत लिहिलं, मग सगळं परत इंग्रजी अक्षरांत, साध्या स्पेलिंगने, आणि शेवटी एक "शोलापूर" पण टाकून दिलं.