शिंगाड्याच्या तळ्यात विमान

समुद्रात विमान उतरवायचा धडा मी बरीच वर्षं शिकवतो आहे आणि दर बॅचला मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, "सर, इथं समुद्र कुठं आहे?" प्रश्न रास्त आहे. मी मूळचा भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीकडचा. आमच्याकडून समुद्र कुठल्याही बाजूने पाचेकशे किलोमीटर तरी लांब. तरी मी जानेवारी 2015 चा तो व्हिडिओ दाखवतो. कॅलिफोर्नियाहून हवाईला निघालेलं एका इंजिनाचं सिरस कंपनीचं छोटं विमान, जादा टाकीतलं इंधन इंजिनापर्यंत येईना, म्हणून वैमानिकाने अख्ख्या विमानाचं पॅराशूट उघडलं आणि तो लाटांवर उतरला. जवळच्या प्रवासी जहाजाने त्याला उचललं. मग मी सांगतो: लाटांना समांतर उतरा, दार आधीच उघडून ठेवा, हेडसेट काढा. त्या सकाळी यातलं एक मी स्वतःच विसरलो.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, हवा दमट, दूरवर धुरकट. रायपूरहून नागपूरला निघालो होतो, दोन सीटचं सेसना 152 घेऊन. डावीकडे माझी विद्यार्थिनी, उजवीकडे मी. साकोली मागे पडली तेव्हा इंजिनाचे फेरे शंभरेकांनी उतरलेले मला दिसले. तिला दिसले नव्हते. मी गप्प बसलो. शिकवणाऱ्याला ही खोड असते, की मुलाच्या लक्षात आपणहून यावं. किती वेळ गप्प बसलो? मला दहा सेकंद वाटले, ती म्हणते मिनिटभर. चौकशीत मी तिचंच उत्तर लिहून दिलं.

ऑक्टोबरात विदर्भात बर्फ म्हटलं की लोक हसतात. पण कार्बोरेटरच्या, म्हणजे जिथे हवेत पेट्रोल मिसळतं त्या भागाच्या, अरुंद गळ्यातून हवा जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना तिथलं तापमान वीस अंशांनीही घसरतं. बाहेर बावीस, हवेत भरपूर ओल, म्हणजे आत बर्फाचा थर. उपाय सोपा आहे. कार्बोरेटर हीटचा नॉब ओढायचा, म्हणजे धुराड्याभोवती तापलेली हवा आत जाते. तिने नॉब ओढला. बर्फ वितळून पाणी आत गेलं, इंजिन आणखी खोकलं आणि घाबरून तिने नॉब परत आत ढकलला. मी तो पुन्हा ओढेपर्यंत इंजिन जवळजवळ बंद झालेलं. इंजिनच थंडावलं तर ती गरम हवा येणार कुठून?

जमिनीपासून तीन हजार फूट. 60 नॉटचा वेग धरून ठेवला तर चार-साडेचार मिनिटं आणि आठेक किलोमीटर. विमान मी घेतलं, तिला रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा संदेश, द्यायला सांगितलं. तिने तो अगदी पुस्तकात असावा तसा दिला, आवाज न कापता.

खाली सगळा धान. हलका धान कापणीला आलेला, बांध्यांमध्ये बायका वाकलेल्या. एकेक बांधी आंगणाएवढी, मध्ये धुरे, म्हणजे मातीचे बांध. हायवेवर ट्रकांची रांग. आणि उजवीकडे मामा तलाव. या तलावांचं सगळं नाव माजी मालगुजारी, पण ते बांधणारे मुळात कोहळी समाजाचे लोक. पाळीकडे, म्हणजे तलावाच्या बांधाकडे, खोल आणि वरच्या अंगाला उथळ, हे मला पुस्तकाने नाही, लहानपणी म्हशी धुताना कळलं होतं. पाण्यावर माणूस नव्हता. निदान मला वाटलं नव्हता.

पाळीला समांतर आलो. वेग कमी करायला पंखांचे फ्लॅप पूर्ण खाली, दारं उघडली, फटीत तिने स्वतःचा बूट अडकवला. सांगितलं नव्हतं, वर्गातलं आठवलं असावं. शेवटी मला दिसलं की पाणी हिरवं आहे. शिंगाडा!

चाकं बाहेरच असलेलं विमान पाण्यावर नीट घसरत नाही, चाक पाण्यात रुतून ते कोलांटी घेऊ शकतं. आम्हीही घेतली. पट्ट्याला उलटे लटकलेलो, डोक्याकडून पाणी चढतंय, नाकात चिखल. एक हात दारावर ठेवून दुसऱ्याने पट्टा सोडायचा, ते हातांनीच केलं. ती बाहेर पडली. मी अडकलो, कारण हेडसेटची वायर गळ्याशी. ती तोडून बाहेर आलो तर पायांना वेल, वेलांना काटेरी फळं. पाणी छातीएवढंच, पण पाय उचलेनात.

मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे एक आजोबा डोंग्यातून आले. शिंगाडे तोडत होते, पानांच्या गर्दीत मला दिसलेच नव्हते. आमच्यापासून पन्नास पावलांवर. विळ्याने वेल कापत ते म्हणाले, "पोरीले आधी घ्या जी. तुमी उभे राहा, इथं बुडत नाई कोनी." डोंग्यात बसवल्यावर विचारलं, "कुठचे होय जी?" लाखनीचा म्हटलं. "मंग तुमाले तर शिंगाडा दिसाले पायजे होता."

दुपारी पाळीवर अख्खं गाव, पोलीस, तलाठी. ओल्या कपड्यांत आम्हाला कोणीतरी गुळाचा चहा दिला. मासेमार सोसायटीचे सचिव तलाठ्याला सांगत होते की तळं आमच्या ठेक्यात आहे, विमानाखाली आणि ते ओढताना जेवढा वेल जाईल तेवढा पंचनाम्यात लिहा. तलाठी म्हणाला, शेतातलं पीक लिहितो, पाण्यातलं कुठं लिहू? दोघांचंही बरोबर होतं.

विमान अपघाताचा अहवाल जगभर एकाच साच्यात लिहितात. 1.1 मध्ये उड्डाणाची हकीकत, 1.2 मध्ये जखमी, 1.3 मध्ये विमानाचं नुकसान. 1.4 म्हणजे इतर नुकसान, तिथे बहुतेकदा 'काही नाही' असतं. माझ्या जबानीत तो मुद्दा आला तेव्हा मी लिहिलं: तोडणीला आलेला शिंगाडा, अंदाजे अर्धा एकर. खाली सही केली आणि आजोबांना फोन लावून विचारलं, बरोबर ना? ते म्हणाले, "अर्ध्याच्या वर होता जी." मी खोडून पाऊण केलं.