काहून?

परवा बाबांनी वावरात एक बोंड फोडून माझ्यापुढे धरलं, आत गुलाबी अळी, सरकी पोखरून बसलेली. म्हणाले, "तुया तो एआय ह्या अळीचं काई सांगते का?"

रात्री त्यांना अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामचं सांगितलं. प्रोटीन म्हणजे लांब साखळी, ती गुंडाळून जो आकार घेते त्यावर तिचं काम ठरतं. एकेक आकार शोधायला शास्त्रज्ञांची कधी कधी वर्षं जायची, 50 वर्षांत जगभरच्या लॅबनी मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास काढले असतील, आणि त्यावरच शिकून या प्रोग्रामनं 2022 पर्यंत 20 कोटींवर आकारांचे अंदाज मांडले, 2024 चं केमिस्ट्रीचं अर्धं नोबेल त्यासाठीच तो बनवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना मिळालं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं अन विचारलं, "पण ते साखळी तशीच काहून वळते?"

मी अडकलो. प्रोग्राम आकार सांगतो, त्यावर भरवसा किती ठेवायचा तेही सांगतो, पण काहून ते त्याच्या कोट्यवधी आकड्यांत कुठंतरी पुरलेलं, वाचता येईल असं नाही. काही जण म्हणतात, उत्तर बरोबर येतंय ना, मग कारण कशाला पाहिजे. केपलरनं 1609 ला ग्रहांची वाट सांगितली, कारण न्यूटननं 1687 ला दिलं, हे मान्य. पण मधली 78 वर्षं कोणी ना कोणी कारण मागत होतं.

अन आम्ही ते न मागण्याची किंमत मोजलीय. 2002 ला बीटी कापूस आला, म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रोटीन झाडातच असलेला, पुढं बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या थैलीसोबत 120 ग्रॅमची बारकी पुडी यायची, बिगर बीटीची. ती वावराच्या कडेनं लावायची, म्हणजे तिथं बीटी न पचणाऱ्या साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पाखरांचा बीटी पचवलेल्या अळ्यांच्या पाखरांशी संकर होतो अन ती पचवायची ताकद लवकर पसरत नाही. हे आमच्या घरी कोणी नीट सांगितलंच नाही, पुड्या कोठ्यात पडून राहायच्या. फरदडही घेतली सगळ्यांनी, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून पुन्हा कापूस काढला. 2017 ला बोंडं किडली तेव्हा आई वेचलेला कवडी, म्हणजे किडका डागी कापूस हातात घेऊन नुसती बसली होती.

मी बीटीच्या प्रोटीनचा आकार मोबाईलवर दाखवला, बाबांनी बोटानं तो फिरवला, दोनदा, तीनदा. मग म्हणाले, "हे अळीच्या आतड्याले कुठी चिकटते? अन आता काहून चिकटत नाई?"

मी वही काढली.