काय हवं होतं?

किराणा दुकानात शिरलं की मालक विचारतो, "काय हवं होतं?" आपल्याला हवी असते ती आत्ता, उभ्या उभ्या, अर्धा किलो तूरडाळ. तरी 'होतं'. आपणही "तूरडाळ पाहिजे होती" म्हणतो आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. ऑफिसात साहेबांच्या दारातून "सर, जरा बोलायचं होतं" म्हणणाऱ्याचं कालचं काही बोलायचं राहिलेलं नसतं. तो आपला अदबीनं एक पाऊल मागे सरकून बोलतो.

'कॅन यू'ऐवजी 'कुड यू' का म्हणायचं, हे शाळेत कोणी या दुकानावरून समजावलं असतं तर फार बरं झालं असतं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला यायचं. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० सालानंतरचं. कॅनचा भूतकाळ कुड, विलचा वुड, शॅलचा शुड, असा तक्ता पाठ करायचा. (कुडमधला मुका 'एल' निव्वळ देखादेखीनं घुसलाय. वुड आणि शुडला तो विल-शॅलकडून वारशानं मिळाला, कॅनच्या घरात कुठे होता?) मग 'कुड यू ओपन द विंडो' यात भूतकाळ कसला, असं विचारलं की सर म्हणायचे, "तशी पद्धत आहे." पद्धत म्हटल्यावर विषय संपला.

पुढे जर-तरची वाक्यं आली. शून्य, पहिला, दुसरा, तिसरा असे त्यांचे प्रकार, जणू रेल्वेचे डबे. 'इफ आय हॅड मनी' म्हणजे पैसे आज नाहीत, पण क्रियापद भूतकाळी. हे रूप घड्याळाकडे बघतच नाही. बोलणाऱ्याला ते जरा लांब उभं करतं. कधी समोरच्या माणसापासून, कधी खऱ्या परिस्थितीपासून. आपण हे रोज करतो. "तू आलास तर मी येईन" यात अजून कोणी आलेलं नसतं. "आलोच" म्हणणारा तर बहुतेक वेळा अंघोळीलाही गेलेला नसतो.

खरी गंमत, किंवा खरा घोळ, पुढे आहे. "तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो." मराठीनं दोन्ही बाजूंना 'असता'चं सारखंच वजन घातलंय. म्हणून मराठी माणूस 'इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम' असं तोलून म्हणतो, आणि पेपरात त्याखाली लाल रेघ येते. पुस्तकी इंग्रजीला 'इफ'च्या बाजूला नुसतं 'हॅड' लागतं, वुड फक्त पलीकडे. बोलताना कित्येक अमेरिकनही दोन्हीकडे वुड घालतात, पण त्यांचे पेपर आपल्या बाई तपासत नाहीत.

'मस्ट'चं मात्र मला कधी कोडं वाटलं नाही. 'यू मस्ट गो' ही सक्ती आणि 'ही मस्ट बी ॲट होम' हा अंदाज. दोन्हीला एकच शब्द कसा, म्हणून लोक डोकं धरतात. आपलं 'आवा' वेगळं काय करतं? "मुलांनी लवकर उठावं" यात कर्तव्य. खिडकीत दिवा दिसला, दाराशी चपला दिसल्या की "घरीच असावा", हा तर्क. मराठीचं 'आवा' तेवढं सौम्य. उपदेशाच्या सुरात बोलतं, मस्टसारखं बोट रोखत नाही. तो रोख इंग्रजीत शॅलकडेही आहे. राज्यघटनेच्या पहिल्या कलमात 'इंडिया, दॅट इज भारत, शॅल बी अ युनियन ऑफ स्टेट्स' असं आहे. हे पुढेमागे कधीतरी होईल, असा त्याचा अर्थ लावणारा वकील मला अजून भेटायचाय.

एवढं जमलं की 'इफ'नंतर 'विल' घालायचं नाही हा नियम हातात राहतो. पावसाबद्दल बोलताना तो बिनचूक चालतो: 'इफ इट रेन्स'. मग एखाद्या हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी रजिस्टर पुढे सरकवून म्हणते, "इफ यू विल जस्ट साइन हिअर, सर." इथलं विल भविष्याचं नाही, जुन्या अर्थाचं आहे: तुमची मर्जी असेल तर. आमच्या बाईंनी यावरही लाल रेघ मारली असती. आपण मुकाट्यानं सही करावी आणि खोलीची किल्ली घ्यावी.