लॅपटॉप हवाय, विंडोज नकोय

जर्मनीतलं म्युनिक हे एकेकाळी लिनक्सचं (विंडोजच्या जागी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) गाव. इथल्या महापालिकेने 2003 साली विंडोजला रामराम ठोकायचं ठरवलं आणि दहाएक वर्षांत सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर आणून दाखवले. 2017 मध्ये नव्या कारभाऱ्यांनी घोडं पुन्हा विंडोजकडे वळवलं, ते सोडा. पण अशा गावात लिनक्ससाठी साधा लॅपटॉप घेताना इतका मनस्ताप?

दुकानात विचारलं, तर विक्रेता अगदी मनापासून म्हणाला, "चालतं की! विंडोजमध्ये व्हर्च्युअल मशीन टाका, त्यात लिनक्स." म्हणजे विंडोज राहणारच, त्याच्या पोटात आभासी संगणक थाटून त्यात लिनक्स. यावर काय बोलणार! मांडून ठेवलेल्या लॅपटॉपला माझा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून बघू का, तर तेही नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ओळखीचा दुकानदार "लाव ना, बघ चालतंय का" म्हणून मोकळा व्हायचा.

खरी गोम आहे ती माहितीपत्रकात. स्क्रीनचा उजेड किती निट्स, झाकण कुठल्या धातूचं, सगळं छापलेलं. वायफायपुढे मात्र नुसतं 'वायफाय 6ई'. चिप कुठली, ते गुलदस्त्यात. लिनक्सवाल्याला नेमकं तेवढंच हवं असतं, कारण त्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नसेल तर वायफायच्या नावाने शिमगा. त्यात एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या चिपा निघू शकतात. म्हणजे "माझ्याकडे झकास चालतंय" या शिफारशीलाही फारसा अर्थ उरत नाही.

शेवटी एक ऑनलाइन मागवला. इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन डिस्क जोडायची पद्धत रेडवरून एएचसीआय केली, तेव्हा दिसली. वायफाय, आवाज, ब्लूटूथ ठीक. पण झाकण मिटून पिशवीत टाकला आणि यू-बानमधून (इथली भुयारी रेल्वे) ऑफिस गाठेपर्यंत पिशवी गरम, बॅटरी अर्धी. जुन्या लॅपटॉपमध्ये एस-3 नावाची गाढ झोप असायची. मेमरी सोडून बाकी सगळं बंद. हल्ली बऱ्याच कंपन्या ती बायोसमधूनच काढून टाकतात आणि फोनसारखी अर्धवट झोप देतात. ती विंडोजवरही धड नसते, असं विंडोजवालेच सांगतात! युरोपात ऑनलाइन खरेदी 14 दिवसांत कारण न देता परत करता येते, हे एक बरं. दुकानातल्या खरेदीला हा हक्क नाही, म्हणून लिनक्सवाल्याने इथे ऑनलाइनच घ्यावं.

शेजारच्या आउग्सबुर्गमध्ये टक्सेडो नावाची कंपनी लिनक्स घालूनच लॅपटॉप विकते, कीबोर्डही मागाल तो देते. पण माझ्या बजेटात बसेना. मग जुना थिंकपॅड घेतला. विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला आणि सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत जवळपास नाहीतच, त्यामुळे असे धडधाकट लॅपटॉप इथे स्वस्तात मिळतात. एस-3 आहे, वायफाय पहिल्या फटक्यात लागलं. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालत नाही. न चालू दे.

कीबोर्ड मात्र जर्मन. वायच्या जागी झेड, झेडच्या जागी वाय, आणि महिरपी कंस हवा तर ऑल्ट-जीआर दाबून 7. प्रोग्रामिंग करणाऱ्याचा हात मोडेल. मी अमेरिकन लेआउट (बटणांची मांडणी) लावलाय, बटणांवर काहीही छापलेलं असो. बायकोच्या पासवर्डात झेड आहे. ती बटणं बघून टाइप करते आणि लॉगिन झालं नाही की माझ्या नावाने बोटं मोडते. तिच्या खात्याला आता जर्मन लेआउट वेगळा लावून दिलाय.